तिसऱ्या आठवड्यासाठी पत्रक : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम ठरलं. मुरुमांसाठी पहिल्यांदाच अ‍ॅडापलीन लावायला घेणाऱ्यांसाठी मराठीत पत्रक करायचं. एक कागद, दोन बाजू. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमची अट एकच: "वाचून कुणी घाबरायला नको, आणि घाबरायची वेळ असेल तेव्हा कुणी गप्प बसायलाही नको." या दोन गोष्टी एका कागदात बसवायचं काम माझ्या, म्हणजे फार्मसीवालीच्या, गळ्यात.

पत्रक कशाला हवं ते रजिस्टर उघडलं की कळतं. मुरुमांचे पेशंट येतात, ट्यूब घेऊन जातात, आणि महिन्याने बोलावलेलं असतं तेव्हा फिरकत नाहीत. फोन केला की ठरलेलं उत्तर: "ते औषध मला बाधलं ओ, लावल्यावर जास्तच उठले." कधी सोडलं म्हणून विचारलं तर बहुतेकांचं उत्तर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात कुठेतरी पडतं. चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो तो काळ नेमका हाच. औषधाचं काम आत चालू असतं, पण आरशात ते दिसत नाही.

८ जानेवारी

मजकुराचा पाया लिहून काढला. आज वर दिसणारा मुरुम आज तयार झालेला नसतो. केसाच्या छिद्रातल्या पेशी नीट झडत नाहीत, तेलात चिकटून बसतात आणि आत एक सूक्ष्म बूच तयार होतं. त्याला मायक्रोकोमेडोन म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. त्याचा मुरुम व्हायला कित्येक आठवडे, कधी दोन महिनेही जातात. म्हणजे आज नितळ दिसणाऱ्या गालातही पुढच्या महिन्याचे मुरुम तयार होत असतात. अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन ही रेटिनॉइड गटातली औषधं या पेशींचं वाढणं-झडणं बदलतात, त्यामुळे बूच सैल होतं. जे पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून वर आलं असतं, त्यातलं काही थोड्या दिवसांत एकदमच वर येतं, असं याचं प्रचलित स्पष्टीकरण.

मॅडमनी 'प्रचलित'खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, हा शब्द काढू नकोस. तज्ज्ञांचं यावर एकमत नाही. काही चाचण्यांमध्ये औषध लावणारे आणि औषध नसलेलं नुसतं जेल लावणारे यांच्यात सुरुवातीच्या भडक्यात फारसा फरक दिसलेला नाही. मुरुमांचा स्वभावच चढ-उताराचा, आणि माणूस डॉक्टरकडे येतो तोच मुळी चढावर असताना. त्यातले काही औषध न लावताही उठलेच असते.

म्हणून 'सुरुवातीला मुरुम वाढतातच' असं कुठेही लिहायचं नाही. 'काहींचे वाढतात' एवढंच. ज्यांचे वाढत नाहीत त्यांना औषध लागूच पडत नाहीये असं वाटायला नको.

९ जानेवारी

एक गोष्ट आजच लिहून ठेवते. या भडक्याची सबब कुठल्याही डबीला देता येत नाही. रेटिनॉइड, बेन्झॉइल पेरॉक्साइड, सॅलिसिलिक अ‍ॅसिड या मुरुमांवरच्या औषधांच्या बाबतीत ती एक वेळ चालेल. नवं मॉइश्चरायझर, नवं सनस्क्रीन किंवा केसांचं तेल लावायला घेतल्यावर बारीक पुरळ आलं, तर ती वस्तू तुम्हाला मानवत नाही, बंद करा. आत दडलेलं काही 'निघत' वगैरे नसतं. सीरम विकणाऱ्यांना मात्र ही सबब फार सोयीची असते.

१३ जानेवारी

आज काउंटरवर एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी. मुलीने चेहऱ्यावरचा स्टोल सोडला आणि मला लांबूनच कळलं. नाकपुड्यांच्या कडांना चिरा, ओठांचे कोपरे लाल, गालावर पापुद्रे. हसायला गेली की त्वचा ताणते म्हणून ती हसतही नव्हती. आई म्हणाली, "काय ओ मॅडम, दहा दिवस झाले, जळतंय म्हणून नुसती रडतीय पोरगी. मीच म्हटलं, जळू दे, आतली सगळी उष्णता निघून जाऊ दे एकदाची."

रोज सकाळ-संध्याकाळ, जाडसर, अगदी डोळ्यांच्या कडेपर्यंत लावत होती. लवकर जावेत म्हणून. शिवाय शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून वरून लिंबू.

हा मुरुमांचा भडका नव्हताच, ही सरळसरळ आग होती. मॅडमनी ट्यूब आठवडाभर बंद करायला सांगितली. साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून तीन-चार वेळा, लिंबू कायमचं बंद, आणि कातडी शांत झाली की एक रात्र आड करून पुन्हा सुरू. मुलगी म्हणाली, "म्हणजे मला चालेल हे औषध?" चालेल. प्रमाण आणि वेळ नीट पाळली तर.

पत्रकाचं अवघड दुखणं आज नीट दिसलं. एक पेशंट चार मुरुम वाढले म्हणून औषध सोडतो. दुसऱ्याने 'आधी वाढतं, मग बरं होतं' हे कुठून तरी ऐकलेलं असतं, म्हणून तो भाजलेली कातडी घेऊन महिनाभर बसतो. पहिल्याला धीर द्यायला लिहिलेलं वाक्य दुसऱ्याचा घात करू शकतं.

१५ जानेवारी

सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू, ओपीडी रिकामी. निवांत बसून फरक ओळखायचा मजकूर लिहिला. सध्याचा खर्डा असा:

"तुमचे मुरुम नेहमी जिथे येतात तिथेच थोडे जास्त आले, बारीक पांढऱ्या-पिवळ्या तोंडाचे, आणि नेहमीपेक्षा लवकर बसत असतील, तर औषध चालू ठेवा. धुतल्यावर चुरचुरतं, त्वचा ओढल्यासारखी वाटते, नाकाच्या-ओठांच्या कडेला पापुद्रे सुटतात, तर औषध जास्त होतंय. दोन-तीन रात्री थांबा, मग एक रात्र आड करून लावा. कमी झालं नाही तर फोन करा. खाज, सूज, पापण्या सुजणं, पाणी सुटणारे फोड, यांतलं काहीही दिसलं तर औषध त्याच दिवशी बंद, आणि लगेच दाखवायला या."

'नेहमी जिथे येतात तिथेच' हे शब्द महत्त्वाचे. कपाळ-हनुवटीवाल्याला एकदम मानेवर, पापणीवर पुरळ आलं तर त्याला भडका म्हणून सोडून द्यायचं नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइडची अ‍ॅलर्जी काहींना खरोखरच असते. त्या औषधाने उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे पडतात हेही लिहायला हवं. त्यावरून घरात होणारी भांडणं मी ऐकलेली आहेत.

२१ जानेवारी

किती लावायचं? सगळीकडे 'मटाराएवढं' लिहिलेलं असतं आणि सगळे मान डोलावतात. आज आलेल्या पेशंटना मॉइश्चरायझरची ट्यूब हातात दिली आणि म्हटलं, दाखवा बरं बोटावर. एका काकांनी पेरभर पट्टी काढली, दात घासायला घेतात तशी. एका मुलीने टाचणीच्या टोकाएवढं घेऊन एकाच मुरुमावर टिकलीसारखं लावलं. दोन्ही चूक. औषध दिसणाऱ्या मुरुमांसाठी नाही, न दिसणाऱ्या बुचांसाठी आहे, म्हणून ते मुरुम उठतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. कपाळ, दोन गाल, हनुवटी असे चार ठिपके द्यायचे आणि मग पसरायचं. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा सोडून.

पत्रकासाठी एक सोपी खूण सापडली: १५ ग्रॅमची ट्यूब फक्त चेहऱ्यासाठी असेल आणि दहा दिवसांत संपली, तर तुम्ही फार लावताय. नीट लावली तर महिनाभर सहज पुरते.

चेहरा धुतल्या धुतल्या लावायचं नाही, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओल्या कातडीवर ते जास्त चुरचुरतं. नाजूक त्वचेला आधी मॉइश्चरायझर, मग औषध, वर पुन्हा मॉइश्चरायझर. याने औषध 'पातळ' होत नाही का, असं प्रत्येक जण विचारतो. थोडं सौम्य होतं, आणि सुरुवातीला तेच हवं असतं.

२८ जानेवारी

थोडं आडवाटेचं वाचन. पत्रकात जाणार नाही, पण इथे राहू दे. मुरुमांवर 'ए' जीवनसत्त्वाचं आम्ल, म्हणजेच ट्रेटिनॉइन, लावण्याबद्दलचा गाजलेला लेख अल्बर्ट क्लिगमन, जेम्स फुल्टन आणि गर्ड प्लेविग यांचा, १९६९ सालचा. अमेरिकेत १९७१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या काळात लाली, सालं निघणं हा उपचाराचाच भाग धरला जायचा. हेच क्लिगमन फिलाडेल्फियातल्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांवर वर्षानुवर्षं त्वचेचे प्रयोग करत होते, आणि त्यांचं नाव आज त्या काळ्या प्रकरणासाठीही घेतलं जातं. अ‍ॅडापलीन तिथे आलं १९९६ मध्ये. ते जास्त सौम्य, उजेडात टिकणारं आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडबरोबर न बिघडणारं, म्हणून तर दोन्ही एकाच ट्यूबमध्ये मिळतात. साध्या ट्रेटिनॉइनचं तसं नाही, ते उजेडाने आणि पेरॉक्साइडने निकामी होऊ शकतं.

'जळतंय म्हणजे लागू पडतंय' हा समज आपल्याकडे आजीच्या बटव्यातून आला असं मला वाटायचं. दवाखान्यांनीही त्यात बरीच भर घातलेली दिसते.

४ फेब्रुवारी

लग्नसराई. साखरपुडा झालेली मुलगी, लग्न महिन्याच्या आत, "तोपर्यंत चेहरा क्लिअर पाहिजे". मॅडमनी नवं रेटिनॉइड सुरू करायला चक्क नकार दिला. आज सुरू केलं तर भडका किंवा पापुद्रे नेमके हळदीच्या दिवशी. तिला वेगळे उपाय दिले.

पत्रकात टाकलं: लग्न, फोटो, मुलाखत महिना-दीड महिन्यावर असेल तर सुरू करण्याआधी सांगा. त्याच्याच खाली दुसरी ओळ: औषध चालू असताना चेहऱ्यावर वॅक्स नको, कातडी सोलून निघते. फेशियल, ब्लीच, स्क्रबही नको. आणि: गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ट्यूब उघडण्याआधी बोला.

११ फेब्रुवारी

या प्रकल्पात सगळ्यात जास्त जागा ज्याला द्यायला हवी ते आज समोर आलं.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत कामाला जाणारा मुलगा. नोव्हेंबरमध्ये अ‍ॅडापलीन नेलं होतं. आज आला तो गाल लालभडक, उन्हात उभंही राहवत नाही, आणि सगळीकडे एकसारखं बारीक पुरळ. "ताई, तुमच्या ट्यूबने पंधरा दिवसांत वाढले. मग घराजवळच्या मेडिकलवाल्याने ही दिली. चार दिवसांत साफ! एकदम गोरा. पण बंद केली की पेटतं सगळं. मग परत लावतो." खिशातून ट्यूब काढली. शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत मानेपर्यंत आलेली, आणि घामाने अक्षरं पुसट झालेली. भिंग घेऊन वाचलं: मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकावी अशी इंग्रजी ताकीदही होती. ती कोण वाचणार?

यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. ते लाली आणि सूज झटक्यात दाबतं, रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा उजळ दिसतो. औषध म्हणून योग्य आजारात, मोजके दिवस, ते उत्तमच आहे. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, आणि स्टेरॉइडचेच वेगळे मुरुम येतात. थांबवलं की आग. ती आग विझवायला परत तीच ट्यूब. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नको. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने बराच काळ आवाज उठवला होता. तरीही ती काउंटरवरून जातातच. मी स्वतः फार्मसीवाली, त्यामुळे हे लिहिताना जीभ कडू होते.

मुलाला रागावून उपयोग नव्हता. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं गणित बरोबर आहे: एका ट्यूबने पंधरा दिवसांत वाढवलं, दुसरीने चार दिवसांत घालवलं. पंधराव्या दिवशी काय होऊ शकतं हे त्याला पहिल्या दिवशी कुणी नीट सांगितलं असतं, तर तो मेडिकलकडे न जाता कदाचित आम्हाला फोन करता. आता त्याचं स्टेरॉइड सोडवण्यातच कित्येक महिने जाणार.

१२ फेब्रुवारी

कालच्या प्रकरणावरून चौकट केली: "या दिवसांत दुसरी कोणतीही ट्यूब लावू नका." स्टेरॉइड ओळखायला 'नावाच्या शेवटी सोन, सोल, लोन' अशी युक्ती लिहिली होती. मॅडमनी ती काढायला लावली, कारण क्लोट्रिमॅझोलसारखी बुरशीची साधी औषधंही लोक त्यात धरतील आणि नको तिथे घोळ होईल. मग सरळ नावंच छापायची ठरलं: बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही अक्षरांत, कारण ट्यूबवर इंग्रजीच असतं.

१८ फेब्रुवारी

आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचं काय, असं डिझायनरने विचारलं. वेगळा कागद करायचा. यात अजिबात मिसळायचं नाही. तिथला सुरुवातीचा भडका कधी कधी फार मोठा असतो, म्हणून तीव्र मुरुमांत डॉक्टर मुद्दाम कमी डोसने सुरू करतात. ताप, सांधेदुखी आणि चिघळलेल्या गाठी आल्या तर ती तातडीची बाब. आणि गर्भाला होणारा धोका इतका गंभीर की गोळ्यांच्या आधी महिनाभर, गोळ्या चालू असेपर्यंत आणि नंतर महिनाभर गर्भधारणा टाळावीच लागते. हे ट्यूबच्या पत्रकात एका ओळीत उरकणं धोक्याचं.

२५ फेब्रुवारी

कच्चं पत्रक प्रतीक्षेत बसलेल्यांना वाचायला दिलं. वाचून काय कळलं एवढंच विचारायचं, बाकी काही समजावायचं नाही.

'१२ आठवडे' वाचून एक जण उठूनच उभा राहिला. "एवढं? आधी सांगायचं ना!" तेच तर सांगतोय. पण ते मागच्या बाजूला तळाशी होतं. आता शीर्षकाच्या लगेच खाली, मोठ्या अक्षरात: 'खरा फरक तीन महिन्यांनी कळतो.' आकडा आठवड्यांत नको, महिन्यांत लोकांना पटकन कळतो.

बायकांनी विचारलं: तेल लावायचं की नाही? लावा, पण रात्रभर कपाळावर ओघळू देऊ नका. मुलांनी विचारलं: दाढी? करा, पण ज्या रात्री आग होते त्याच्या सकाळी नको. हळद-बेसन? सध्या थांबवा. 'चेहरा दिवसातून किती वेळा धुवायचा' हा प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा. दोनदा, आणि घासायचं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. घरी नेलेला कागद तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या हाताशी असणार? तो कपाटात, किंवा त्यावर पोह्यांची प्लेट.

५ मार्च

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप. ट्यूब नेल्यानंतर साधारण पंधराव्या दिवशी जाईल, पेशंटने पहिल्या दिवशी हो म्हटलं असेल तरच. घरात सगळ्यांसमोर फोन वाजतो, म्हणून निरोपात औषधाचं नाव किंवा आजार नाही.

मजकूर: "नमस्कार. दवाखान्यातून बोलतेय. या दिवसांत थोडं वाढल्यासारखं वाटू शकतं. नेहमीच्याच जागी असेल आणि आग होत नसेल तर चालू ठेवा. आग होत असेल तर दोन रात्री थांबा आणि याच नंबरवर फोटो पाठवा. सूज किंवा फोड असतील तर लावू नका, आजच या. दुसरं काही विकत आणून लावू नका, आधी आम्हाला विचारा."

मी रेकॉर्ड केलं. पहिलं फार सरकारी वाटत होतं. मॅडम म्हणाल्या, काउंटरवर बोलतेस तसं बोल.

१९ मार्च

ऊन चढलं. सोलापूरचा उन्हाळा आणि रेटिनॉइड, दोन्ही कातडी कोरडी करणारे. उन्हाळ्यात नव्यांना सुरुवातीपासूनच एक रात्र आड. सनस्क्रीन सकाळी, जेलसारखं हलकं. गाडीवर स्टोल घट्ट आवळणाऱ्या मुलींच्या गालांवर नेमक्या पट्ट्यात मुरुम दिसतात, घाम आणि घासणं. स्टोल सुती, सैल आणि रोज धुतलेला हवा. हे औषधाच्या भडक्यात मोजायचं नाही, नाहीतर दोष भलत्यावर जातो.

२ एप्रिल

आवाजी निरोपाला उत्तरं येतायत. बहुतेक फोटो निरुपयोगी: ब्यूटी मोड चालू, रात्रीचा ट्यूबलाइट. पत्रकात भर: खिडकीजवळ, दिवसा, मोड बंद करून, पहिल्या दिवशी एक फोटो आणि मग दर आठवड्याला त्याच जागी. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक कळत नाही. एका मुलीने स्वतःच पहिला आणि सहाव्या आठवड्याचा फोटो शेजारी लावून पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅडम मला वाटत होतं तसंच आहे."

डागांचा प्रश्न वारंवार येतो. आपल्या सावळ्या कातडीवर मुरुम बसला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो आणि लोक त्यालाच मुरुम समजतात. भडक्यात फोडलेला मुरुम पुढे डाग सोडू शकतो. 'फोडू नका'च्या शेजारी हे कारण लिहिलं. नुसत्या 'नका'ला कुणी भीक घालत नाही.

१५ एप्रिल

अंतिम मजकूर छापखान्यात. शीर्षकाखाली तीन महिने, मग फरक ओळखायचा भाग, मग स्टेरॉइडची चौकट, मागे लावायची पद्धत. नंबर मोठा, दोन्ही बाजूंना.

पुढचं काम: कन्नड आणि तेलुगू. आपल्या ओपीडीत पूर्व भागातली तेलुगू कुटुंबं आणि अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी मंडळी कितीतरी. मजकूर कागदावर बदलून चालेल, पण निरोपाला आवाज त्यांच्या भाषेतलाच हवा. नर्सिंगमधली एक जण तेलुगूसाठी तयार आहे. कन्नडसाठी अजून कुणी नाही, सोमवारी विचारते.